आत आलेले, बाहेर न पडलेले

फौंड्रीच्या टाइम ऑफिसात मी एकटीच बाई होते आणि माझा तोरा काही कमी नव्हता. कामगार घड्याळात कार्ड सारत, ठक्कन वेळ उमटे, आणि ती कार्डं माझ्याकडं येत. आठ वर्षं मी त्यांचे दिवस हातानं मोजले. ऐंशी साल उलटून बरंच पुढं गेल्यावर मालकांनी कॉम्प्युटर आणला. मॅनेजरसाहेब तो रोज स्वतःच्या रुमालानं पुसत, पण चालवायला काही शिकले नाहीत. शिकले मी. बसवायला आलेला पुण्याचा मुलगा चार दिवस राहिला, पाचव्या दिवसापासून मशीन माझं. भावकीतले म्हणत, "टीव्हीसमोर बसून पगार घेतीया." म्हणू देत. त्यांच्यातल्या एकालाही ते सुरू करता आलं नसतं.

रोज सकाळी मी वेळा भरायचे: कार्डाचा नंबर, तारीख, आत की बाहेर, किती वाजता. मग त्याला वाटेल ते विचारायचं. गेल्या महिन्यात उशिरा कोण आलं? हिरव्या अक्षरांत नावं हजर. ज्याला पूर्वी दोन दिवस लागायचे ते चहा निवायच्या आत व्हायचं.

वर्ष भरलं तेव्हा मालकांनी हंगामी कामगारांची यादी मागितली. दोनशे चाळीस दिवस भरलेले कायम होणार होते, बाकीच्यांना कामावरून कमी करणार होते. ज्या तारखेला आत आल्याची आणि त्यानंतर बाहेर पडल्याची, अशा दोन्ही नोंदी आहेत तो दिवस भरला, असं मी मशीनला सांगितलं. यादी छापली, साहेबांची सही घेतली, एक प्रत बोर्डावर लावली. दुसरी प्रत उद्या दुपारी मालकांकडं जायची होती.

सकाळी पाळी सुटल्यावर भट्टीवरचे चाचा खिडकीशी आले. गडमुडशिंगीहून सायकलनं येणारा, पन्नाशीकडं झुकलेला माणूस. मागं भट्टीवरचेच दहाजण उभे होते.

"बाई, माझं नाव न्हाय यादीत. ह्यांची बी न्हाईत."

"चाचा, तुमचे एकेचाळीस दिवस भरलेत."

"कुटनं काढलासा ह्यो आकडा?"

"मशीननं काढलाय. ते खोटं बोलत नाही. तुम्ही शेतात जाऊन बसला असाल, त्याला ते काय करणार?"

बोलून गेले. चाचांनी मान खाली घातली. भट्टीच्या धगीनं त्यांच्या भुवया कधीच झडल्या होत्या, आणि मी त्यांना शेतात बसवत होते.

"बरं," ते म्हणाले, "मी कवा आलतो त्ये तरी दावतंय का?"

मी चिडूनच कळ दाबली आणि वाचायला लागले. आत, रात्री अकरा. बाहेर, काही नाही. आत, रात्री अकरा. बाहेर, काही नाही. असा पडदाच्या पडदा; मधेमधे दिवसपाळीचे ते एकेचाळीस दिवस तेवढे पुरे.

"म्हंजी मी अजून आतच हाय की!" चाचा म्हणाले. "मग वरीसभर माझ्या घरात जेवतंय कोण?"

मागचे दहाही हसले. मी मात्र तारखांवर बोट ठेवून पुन्हा वाचलं. रातपाळीचा माणूस सोमवारी अकराला आत येतो आणि मंगळवारी सातला बाहेर पडतो. मी दोन्ही एकाच तारखेत शोधत होते. हातानं मोजताना हे मला कधी कुणाला विचारावं लागलं नव्हतं. बोट आपसूक खालच्या ओळीवर जायचं. मशीनला ते सांगायचं मीच विसरले होते.

ट्रंकेतून चाचांची बारा महिन्यांची कार्डं काढली आणि टेबलावर मांडली. दोनशे छप्पन्न दिवस. मग मशीनला नव्यानं विचारलं: त्या तारखेला आत आल्यानंतर बाहेरची नोंद नसेल, तर दुसऱ्या दिवशीच्या सकाळची बघ. त्यानंही दोनशे छप्पन्नच सांगितले. अकराच्या अकरा जणांचे दिवस भरले होते.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "यादी चुकली. मालकांकडं पाठवू नका."

"कॉम्प्युटर चुकला?"

"तो नाही. मी त्याला चुकीचं विचारलं."

मी चुकले असं त्या ऑफिसात मी पहिल्यांदाच म्हणत होते. कान तापले, पण मान खाली गेली नाही. साहेबांनी जुन्या यादीवर रेघ मारली आणि नवीवर सही केली. मी खिडकीशी परत येऊन सगळ्यांदेखत म्हटलं, "चाचा, शेताचं बोलले ते चुकलं माझं." ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. मशीन नवं हाय." माझी चूक त्यांनी मशीनवर ढकलली आणि सायकल काढली.

पुढच्या महिन्यात मालकांनी अकराजणांना कायम केलं. कायम झालेल्यांना पिवळ्याऐवजी पांढरं कार्ड मिळायचं. पांढऱ्या कार्डावर पहिली रातपाळी करून चाचा घड्याळाशी गेले, ठक्कन वेळ उमटवली आणि घरी न जाता माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले.

"भरा की बाई. भाईर पडलो का बघून जातो."

मी भरलं, विचारलं. "सात वाजून चार मिनिटं. पडलात, चाचा."

"मग जातो घरी."

ते बाजूला झाले, तर मागं दहाजणांची रांग, प्रत्येकाच्या हातात पांढरं कार्ड. त्या सकाळी मी अकराही जणांना, एकेकाचं नाव घेऊन, घरी पाठवलं.