आधी कोणाची डीपी

पाकीट घेऊन येणारा माणूस मला परवडतो. त्याला हाकलता येतं. वीजखात्यात इंजिनीअर म्हणून इतकी वर्षं काढली, पण आपुलकीनं येणाऱ्या माणसाला कसं हाकलायचं ते मला अजून जमलेलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली. दोंडाईच्याच्या अलीकडच्या एका खेड्यातली तर आमच्याही आधी जळाली होती आणि तिथं पिण्याच्या पाण्याची मोटर तिच्यावरच होती. नवी डीपी एकच आली. नंबर त्यांचा होता.

नेमके त्याच दिवसांत माझे वडील गेले. अख्खं गाव धावून आलं. लाकडं गावानं आणली, खांदा गावानं दिला, आईला दोन घास शेजारच्या बायकांनी भरवले. मला कशालाच हात लावू दिला नाही. दशक्रियेला माझं मुंडण झालं आणि चुलतकाका शेजारी येऊन बसले.

"भाऊ, आपली डीपी पहिले बसाडी दे. बठ्ठा, अख्खा गाव तुना शे."

"आबा, नंबर त्यांचा आहे."

"नंबर शे, मान्य. पन त्या आपला कोन शेतस?"

त्यांनी आवाज चढवला नाही, धमकावलं नाही. त्यांना माझी अडचण खरोखरच कळत नव्हती. मला चीड आली ती त्याचीच. माझ्या बापाला त्यांनी दिलेला खांदा खोटा नव्हता, आणि आता मागत होते तेही त्यांना खोटं वाटत नव्हतं.

डीपी त्या खेड्याला गेली. आमची तीन आठवड्यांनी बसली, तोवर भुईमूग वाळला होता. गावात कुणी मला वाईट बोललं नाही. आईकडे येणं मात्र बंद झालं. संध्याकाळी ओट्यावर ती एकटीच बसते. फोनवर विचारते, "तुला काय मिळालं रे?" मी चिडतो, मग मलाच वाईट वाटतं.

परवा त्या खेड्यातले दोघं ऑफिसात आले. आभार मानायचे होते. बसले, पाणी प्याले, थोडे घुटमळले. मग त्यातला वयस्कर म्हणाला, "साहेब, गावमा बठ्ठासले इचारं, पन कोनले सांगता येत नही. आम्हनं तुमनं नातं काय शे?"

"काहीच नाही. नंबर तुमचा होता."

दोघं एकमेकांकडे बघून हसले. "सांगानं नसई तर ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला, आणि जाताना माझ्या पाया पडला.