शाल पसर

“शाल पसर,” पाटलीणबाई म्हणाल्या.

त्यांच्या हातात परात. परातीत पुरणपोळ्या. त्या बंगल्याच्या वरच्या पायरीवर, मी खाली रस्त्यावर. खांद्याला हलगी, अंगावर शाल. ही शाल त्याच दुपारी त्यांच्या मालकांनी, म्हणजे पाटलांनी, भर मांडवात मला पांघरली होती. नारळ दिला होता, हार घातला होता. आता तीच शाल दोन्ही हातांनी पुढं धरायची आणि पोळ्या वरून पडायची वाट बघायची. हाताला हात लागू नये इतक्या वरून.

पोळ्याला बैलांपुढं हलगी वाजवणाऱ्याला आमच्या गावात असंच वाढतात. माझा बाप डोक्याचा पटका सोडून पसरायचा. त्याच्याआधी आजा पसरत होता.

मी संगीत रचतो. पाया रागांचा, पण वाजवायला व्हायोलिन, बासरी, सरोद, चेलो असा मेळ. मी लिहितो, वादक वाजवतात. जाफराबाद तालुक्यातल्या आमच्या गावात हे कुणाला समजावून सांगायचं म्हणजे घसा कोरडा पडतो. “कोन्त्या पिक्चरला गाणं देल्लं?” एवढाच प्रश्न असतो. आई सांगते, “त्यो मनात वाजिवतो, मंग दुसरे खरं वाजिवतात.” मी तेच पुढं चालवतो.

जालन्याला कॉलेज केलं, मग पुणं गाठलं. तिथं माझी पहिली रचना वाजली तेव्हा एक जाणत्या बाई मुद्दाम भेटायला आल्या. आडनाव विचारलं. गाव विचारलं. वडील काय करतात, तेही विचारलं. मग गोड हसल्या. “तरीच! तुमच्या लोकांच्या रक्तातच लय असते.”

मी कितीतरी वर्षं तानपुऱ्यापुढं मांडी मोडेपर्यंत बसून जे कमावलं, ते त्यांनी हसत हसत माझ्या रक्तात ढकललं. म्हणजे माझं काहीच नाही. आणि मी काय म्हणालो? “थँक्यू.” त्या थँक्यूची लाज मला अजून वाटते. त्यानंतर मी माझ्या रचनांतून ठेकाच काढून टाकला. चामड्याचं वाद्य जवळ येऊ दिलं नाही. कुणीतरी कौतुकानं लिहिलं की याच्या संगीतात खोल शांतता आहे. कसली शांतता! भ्यालो होतो मी. ठोका ऐकला की लोकांना मांगवाडा दिसेल, याला भ्यालो होतो.

गेल्या वर्षी बाप वारला. त्याच सुमारास माझी एक रचना परदेशात वाजली, पेपरात फोटो आला आणि गावाला मी आठवलो. सत्काराचा दिवस धरला पोळ्याचा, कारण तेव्हा सगळे गावात असतात. मांडवात मी ‘आपल्या मातीचं रत्न’ होतो, ‘आदरणीय’ होतो. पाटलांनी भाषणात माझं नाव तीनदा चुकवलं, तरी मी खूश होतो. आई बायकांच्या मागं उभी राहून पदरानं डोळे पुसत होती.

स्टेजवरून खाली उतरलो तसा पाटलांनी खांद्यावर हात ठेवला.

“बैल तोरणापाशी थांबून राह्यलेत,” ते म्हणाले. “तुझा बाप गेला तव्हापासून जागा रिकामी हाये. तुमच्या घराचा मान हाये बाबा त्यो. दुसऱ्याला कसा द्यावा?”

मान. आमच्याकडं याला मान म्हणतात. पाटलांचे बैल पहिले निघतात तो त्यांचा मान, आणि त्या बैलांपुढं वाजवत चालायचं तो आमचा.

बापाची हलगी कुणीतरी आमच्या घरून आणलीच होती. मारुतीच्या देवळामागं तुराट्या पेटवून ती शेकूनही ठेवली होती, कातडं ताणलं जावं म्हणून. म्हणजे सगळं आधीच ठरलं होतं. हार सांगतानाच हलगीचंही सांगितलेलं असणार. मी आईकडं पाहिलं. तिनं मान हलवली. घे.

मी घेतली.

आणि खरी लाज पुढं आहे. मला मजा आली. इतकी वर्षं दाबून ठेवलेला बापाचा ठोका बोटांतून आपोआप उतरला. बैलांकडं तोंड, उलटी पावलं, पाठ वाकलेली, बाप वाजवायचा तसाच. घुंगरमाळा आणि हलगी एका लयीत आल्या. शालीची टोकं गुडघ्यांशी फडफडत होती. पोरं मोबाइल धरून पुढं-मागं पळत होती. कुणीतरी म्हणालं, “येवढा मोठा झाला, पन बिलकुल बदलला न्हाई बघा.” मला तेही बरं वाटलं.

अशी मिरवणूक पाटलांच्या दारात आली. पाटलीणबाईंनी बैलांच्या पायांवर पाणी घातलं, ओवाळलं. पोळीचा घास करून बैलाच्या तोंडात स्वतःच्या हातानं भरवला. त्याची लाळ बोटांना लागली, ती त्यांनी पदराला पुसली. कपाळावर हात फिरवला. मग वर पायरीवर गेल्या, परात घेतली आणि मला म्हणाल्या, शाल पसर.

माझे हात शालीच्या टोकांना गेलेही होते. मी बैलाकडं बघितलं. तो अजून चघळत होता.

“न्हाई,” मी म्हणालो.

“कामून? तुझा बाप तं घेत होता.”

“बाप घेत होता. मी घेणार न्हाई. इथून पुढं आमच्या घरातलं कोनीच घेणार न्हाई, अन् वाजिवनार बी न्हाई.”

पाटील पुढं आले. “आत्ताच सत्कार केला ना तुझा? अजून काय पाह्यजे?”

बैलाला दिली तशी हातात द्या, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण तेही मागणंच झालं असतं. मी शाल काढली आणि बैलाच्या पाठीवर, झुलीवर टाकली. हलगी घेऊन घराकडं वळलो. ती अजून कोमट होती.

आई वाटेत एवढंच बोलली. “तू जाशील पुन्याला. मला हितंच ऱ्हायचंय.”

ती खरं बोलली. त्यानंतर तिला कुणी कपाशी निंदायला बोलावलं नाही. ना पाटलांनी, ना दुसऱ्या कुणी. मी म्हणालो, पुण्याला चल. तर माझ्यावरच उखडली. “घर माझं हाये. मी कामून जाऊ?”

गावातल्या पोरांनी काढलेला व्हिडिओ सगळीकडं फिरला. तो बंगल्याच्या फाटकापाशी संपतो. त्यात फक्त मी वाकून, उलट्या पावलांनी वाजवत चाललोय. माझं ‘न्हाई’ त्यात नाही. पुण्याच्या त्या जाणत्या बाईंचाही मेसेज आला, किती सुंदर म्हणून. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघतो आणि दरवेळी कान तापतात. ती वाकलेली पाठ माझी आहे. पुसायची म्हटली तरी पुसली जात नाही. म्हणून जे त्यात नाही ते इथं लिहिलं.

आता नव्या रचनेत हलगी आहे. मधोमध. ती मी वाजवणार, लोकांकडं तोंड करून, ताठ उभा राहून. सभागृहात तुराट्या पेटवता येणार नाहीत असं आयोजक म्हणाले. मी म्हणालो, मग मैदानात करू. नाहीतर करू नका.

आणि पुढच्या पोळ्याला मी गावात असणार. आईच्या दारात, तिच्याशेजारी उभा. पाटलांचे बैल निघतील, रस्त्यानं येतील आणि त्यांच्यापुढं कुणी नसेल. ते मला डोळ्यांनी बघायचंय.