उत्तरकार्यातलं उत्तर

मी लांज्याच्या एका कारखान्यात काजू फोडते. फोडताना मांडीवर जुन्या पातळाचा फडका घडी करून घेते, म्हणजे टरफलातला चीक अंगावर उडत नाही. त्या फडक्यावर कित्येक वर्षांचे काळे-तपकिरी डाग आहेत. ते कशानेच जात नाहीत.

चित्रकला शिकणारी माझी मुलगी शिमग्याला आली आणि फडका घेऊन गेली. मला वाटलं, ब्रश पुसायला. पुढे मला कॉलेजच्या प्रदर्शनाला नेलं, तर भिंतीवर माझा फडका, चौकटीत. खाली पाटीवर तिचं नाव आणि ‘उत्तर-आधुनिक’.

“कसलं उत्तर गो? कोणी काय विचारलान?” मी हळूच म्हटलं.

“अगं आई, उत्तर म्हणजे नंतरचं.”

“उत्तरकार्यातलं?”

“हो, तसंच समज.” ती हसत सुटली.

मग तिने सांगितलं. युरोपात आधी आधुनिक चित्रकार झाले. त्यांनी राजे, देव, गोष्टी सगळं टाकून दिलं. नुसता रंग, नुसती रेघ, पण कोणी न केलेलं आणि स्वतःच्या हाताचं. “हेच डाग मी कॅनव्हासवर रंगवले असते ना, तर ते आधुनिक.” नंतरचे म्हणाले, नवीन असं काही उरलंच नाही. असेल ते उचला, बाजारातलं, चुलीजवळचं. जुनं-नवं मिसळा, थट्टा करा. चित्र कोणाचं, हेसुद्धा विचारा.

मला लगेच कळलं. माणूस जातो, मग तेराव्याला त्याची छत्री एक नेतो, कोट दुसरा घालतो, आणि पंगतीत लोक हसतातही. मी तसं म्हटलं, तर तिने ते वहीत लिहून घेतलं.

तेवढ्यात एक बाई आल्या. “डाग कसले?”

“काजूचा चीक. कष्टाची खूण,” मुलगी म्हणाली.

“कल्पना सुंदर आहे हं तुझी.” मग माझ्याकडे वळून, “आपण?”

“हिची आई.” एवढंच तोंडातून निघालं. फडका माझा आहे, हे सांगायचं राहूनच गेलं. एसटीत घरापर्यंत मी स्वतःवर चिडत होते. डाग मी मुद्दाम पाडले नाहीत हे खरं. पण पडले माझ्या मांडीवर, आणि बोटांची सालं गेली ती माझी.

होस्टेलवर जागा नाही म्हणून चौकट पाटीसकट आमच्याकडे आली. परवा तिचा फोन आला, चित्र मुंबईच्या प्रदर्शनाला निवडलंय, रविवारी न्यायला येते.

“पाटीवर माझं नाव घाल,” मी म्हटलं. कसं म्हटलं, माझं मला माहीत.

“आई, तसं नसतं गं. उचलायचं सुचलं मला. फडका काय, कोणाचाही चालला असता.”

“मग कोणाचाही ने.” हे मी म्हटलं, पण फोन ठेवल्यावर.

काल चौकटीचे खिळे काढले. आज फडका कामावर नेला. त्यावर दोन नवे डाग पडले, एक चांगला हाताएवढा.

रिकामी चौकट भिंतीला टेकून ठेवली आहे. पाटी तशीच आहे, तिच्या नावाची. मुलगी समोर आली की मला बोलायला जमणार नाही, म्हणून फडका आधीच काढून घेतला.