सर्वांत आधी उभे राहणारे इनामुरा

जपानमधल्या ताकासाकीच्या एका कारखान्यात जेवणाच्या डब्यांत घालायची हिरवी प्लॅस्टिकची पानं तयार होतात. एका बाजूला भात, दुसऱ्या बाजूला तळलेला मासा आणि मधे हे पान. ते खायचं नसतं, त्याच्याकडे कुणी बघतही नाही आणि डबा संपला की ते कचऱ्यात जातं. इनामुरा यासुहिको यांनी या पानांच्या विक्रीखात्यात चौतीस वर्षं काढली आणि हळूहळू ते स्वतःही त्या पानासारखेच झाले. बैठकीत मान उभी हलवायची की आडवी, हे ते शेजाऱ्याची मान बघून ठरवत. घरी आंघोळीला त्यांचा नंबर मुलीनंतर आणि बायकोनंतर. कुत्रा पाळला असता तर त्याच्याही नंतर लागला असता.

पण वर्षातून एक दिवस हा माणूस बाराशे लोकांना खुर्चीवरून उठवायचा.

‘मिडनाइट रेडिएटर’ हा चार जणांचा बँड. पस्तीस वर्षांपूर्वी ही मंडळी केस फवारे मारून उभे करायची, डोळ्यांत बोटभर काजळ घालायची आणि जगाचा सत्यानाश होवो अशी गाणी किंचाळायची. जगाचा काही झाला नाही, केसांचा मात्र झाला. आता सगळे साठीला टेकले होते. कार्यक्रम दुपारी चारला सुरू व्हायचा, म्हणजे श्रोते रक्तदाबाच्या गोळीच्या वेळेला घरी पोचत. दाराशी पूर्वी कवट्यांचे बिल्ले विकायला असत, आता बँडचं नाव कोरलेले वाचायचे चष्मे आणि कमरेचे पट्टे असत. खप पूर्वीपेक्षा जास्त होता.

अशा कार्यक्रमांची एक रीत आहे. पहिल्या रांगेतला उठला की दुसऱ्या रांगेला दिसत नाही, म्हणून ती उठते, मग तिसरी उठते, असं करत पार शेवटच्या भिंतीपर्यंत सगळे उभे. आणि शेजारचा उभा असताना आपण कसं बसायचं? मग अडीच तास कुणीच बसत नाही. इनामुरांचा फॅन क्लबातला क्रमांक नऊ. जुन्या सभासदांना पुढची जागा, म्हणून पंचवीस वर्षं ते पहिल्या रांगेत मधोमध बसत. बसत म्हणजे काय, गिटारचा पहिला खणखणाट झाला की ताडकन उठत आणि पाठीमागे खुर्च्यांचा खडखडाट कान देऊन ऐकत. मागे वळून मात्र कधी बघत नसत. सेनापतीला ते शोभत नाही, असं त्यांचं मत होतं.

त्या वर्षी उन्हाळ्यात पानांचं खोकं उचलताना त्यांच्या कमरेत उसण भरली. खोकं ते केवढं, फुंकर मारली तर उडेल. डॉक्टरांनी सांगितलं, मणक्यातली गादी सरकली आहे, झटक्यात उठायचं नाव काढू नका.

“अहो, बसून गाणं ऐकू येत नाही का?” हिसाए, त्यांची बायको, म्हणाली. “कान काय गुडघ्यांत आहेत तुमचे?”

“मी उठलो नाही तर कुणीच उठणार नाही.”

“मग बरंच की!”

“ऑफिसात चौतीस वर्षांत माझ्यामागे कुणी एक पाऊल टाकलं नाही, हिसाए. तिथे बाराशे माणसं उठतात.”

तिने कमरेचा पट्टा आणला आणि जरा जास्तच घट्ट आवळून दिला.

सभागृहात त्यांच्या मागच्याच खुर्चीत ओबाता-सान होत्या, दातांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या, क्रमांक चाळीस. पंचवीस वर्षांत या दोघांचं बोलणं ‘यंदा गारठा लवकर आला’ याच्या पुढे गेलं नव्हतं. दिवे गेले, गिटार खणखणली आणि इनामुरा उठले. अर्धे उठले. तिथे कमरेतून अशी कळ गेली की ते हात खुर्चीवर आणि बूड हवेत अशा अवस्थेत अडकले. ओबाता-सान उठायला निघाल्या होत्या. पुढचे अर्ध्यातच थांबलेले पाहून त्याही थांबल्या. त्यांचं पाहून त्यांच्या मागचे. बघता बघता बाराशे माणसं कमरेत वाकून राहिली. मंचावर गायकाला वाटलं, आपल्याला सगळे वाकून नमस्कार करताहेत. जगाचा सत्यानाश मागणारा तो माणूस गाणं सोडून तितक्याच अदबीने वाकला.

आणि इनामुरा धपकन खाली बसले.

मागे एकामागून एक खुर्च्या वाजल्या आणि सगळ्या सभागृहातून ‘हुश्श’ असा आवाज आला. तो एका दिवसाच्या दमणुकीचा नव्हता. इनामुरांनी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. लोकांचे चेहरे उजळले होते. कुणी बूट काढत होतं. कितीतरी जण पिशव्यांतून छोट्या उशा काढून पाठीला लावत होते. त्या उशा बऱ्याच जुन्या होत्या आणि वापरलेल्या मुळीच दिसत नव्हत्या.

ओबाता-सान पुढे झुकल्या. “फार उपकार झाले, इनामुरा-सान. माझे गुडघे जाऊन दहा वर्षं झाली. दर वर्षी आम्ही म्हणायचो, यंदा तरी हे बसतील.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्हाला एवढी हौस. कसं बोलणार?”

मध्यंतरात चार अनोळखी माणसं येऊन त्यांचे आभार मानून गेली. एकाने तर मिठाईचा पुडा हातात ठेवला. पट्टा वाकू देईल तेवढं वाकून इनामुरांनी तो घेतला. त्यांना रडू येत होतं आणि रडायला तेव्हा एखादं हळवं गाणंही चालू नव्हतं.

घरी हिसाएने पाठीमागून पट्ट्याला हात घालत विचारलं, “काय, उठले का लोक?”

“उठले,” इनामुरा म्हणाले. “सगळे.” आणि ती पट्टा सोडेपर्यंत ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.