मन्मथअप्पांचे गुडघे

मन्मथअप्पा जिना उलटा उतरायचे. तोंड पायऱ्यांकडे, पाठ जगाकडे, दोन्ही हातांत कठडा. माणूस विहिरीत उतरावा तसे. लातुरात मी नऊ वर्षं त्यांच्या घरी तळमजल्यावर भाड्यानं राहिलो. ते वरच्या मजल्यावर. त्यांना असं उतरताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, वर काहीतरी विसरलंय आणि पुन्हा जायचं की नाही ते ठरत नाहीये. खरं कारण गुडघे. सरळ उतरलं की कळ मस्तकात जायची.

त्यांच्या रनिंग ग्रुपमधल्या एका कापडवाल्यानं हा प्रकार मोबाईलवर टिपला आणि 'अप्पांच्या तंदुरुस्तीचं गुपित' म्हणून सगळीकडे पाठवला. पंधरवड्यात आमच्या गल्लीतली चार-पाच धडधाकट माणसं आपापले जिने उलटे उतरू लागली. एकाचा घोटा मुरगळला. अप्पांनी कुणालाही खरं सांगितलं नाही. म्हणाले, "करू द्या की, सर. व्यायामच हाय तो बी."

अप्पांची डाळमिल होती. पन्नाशीत रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास चाला. अप्पांना ते फारच किरकोळ वाटलं. "चालणं गिऱ्हाइकाचं काम. धंदेवाला पळतो," म्हणत त्यांनी थेट पळायलाच सुरुवात केली. तेही सिमेंटच्या रस्त्यावर, कारण मैदानावर बघायला कोण असतं? पहिल्या वर्षी दहा किलोमीटर, दुसऱ्या वर्षी एकवीस, मग बेचाळीस. साखर खाली आली, हे खरं. डॉक्टरांनी पाठ थोपटली. तिथंच थांबले असते तर आज मी हे लिहायला बसलो नसतो.

पण तोवर मेडलं यायला लागली होती. मिलच्या दारात खिळे ठोकून अप्पांनी ती ओळीनं टांगली. हमाल पोती घेऊन आत जाताना ती डोक्याला लागायची. पायाच्या अंगठ्यांची नखं काळी पडली, गळाली. "नख काय, परत येतंय," अप्पा म्हणाले. गुडघे सुजले. तेव्हा ते शर्यतीआधी दुखण्याची गोळी घ्यायला लागले. पुढं शर्यतीनंतर एक, मग मधेही एक.

डॉक्टरांनी गुडघ्यांचा एक्स-रे फोटो काढून दाखवला. मी सोबत होतो.

"अप्पा, गुडघ्यातली गादी झिजलीय. हाडाला हाड घासतंय. चाला, सायकल चालवा, पण पळणं बंद. आणि या गोळ्या अशाच खात राहिलात तर किडनीही जाईल."

"गादी झिजली तर कापूस भरा की, डॉक्टरसाहेब!"

डॉक्टर हसले नाहीत. अप्पा त्यानंतरही दोन वर्षं पळाले.

घरात त्यांना बोलणारं एकच माणूस होतं, त्यांच्या पत्नी महादेवीकाकू. अप्पांची रोजची, गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा लहानपणापासून मांडी घालून चालायची. आता मांडी पडेना. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून डाव्या तळहातावर लिंग घ्यायचे. काकू चहा ठेवता ठेवता मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "देवापुढं बसता येईना, आन् दुनियेपुढं पळून राहिलेत."

एका सकाळी काकू माहेरी, रेणापूरला गेल्या होत्या. वरून हाक आली, "सर, जरा वर या. एकटेच या." अप्पा पूजेच्या पाटावर होते. हट्टानं मांडी घातली होती आणि आता उठता येत नव्हतं. किती वेळ तसे होते कोण जाणे; कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती. मी काखेत हात घालून उठवलं. माणूस वजनानं हलका, पण पाय लाकडासारखे. खुर्चीत टेकल्यावर म्हणाले, "बत्तीस मेडलं हायेत, सर. मांडी एक न्हाई." मग लगेच, "काकूला सांगू नका."

त्या दिवसापासून पळणं सुटलं. भाषणं मात्र सुटली नाहीत. शर्यत कुठंही असो, प्रमुख पाहुणे अप्पा. दोघं जण त्यांना धरून स्टेजवर चढवायचे आणि मग माईकवर ते सांगायचे, "पळा, म्हातारपण मागं पडतंय!" टाळ्या पडायच्या. त्यांना स्टेजवरून कसं उतरवतात ते कुणी बघायचं नाही.

पाहुणे म्हणून शेवटची शर्यत नांदेडची. मी गाडीत सोबत होतो. पहाटेच्या गारव्यात लोक हातपाय मोकळे करत होते. पन्नाशीचे एक गृहस्थ लंगडत आले आणि अप्पांच्या पाया पडायला वाकले. वाकता येईना, म्हणून त्यांनी नुसतेच हात जोडले. दोन्ही गुडघ्यांना पट्टे.

"अप्पा, मी शाळामास्तर. दोन वर्षांखाली तुमचं भाषण ऐकलं आन् पळायला लागलो."

"गुडघे?"

"दुखतेत थोडे. हाय की औषध." त्यांनी खिशातून गोळी काढली. तीच गोळी, त्याच रंगाचं पाकीट.

अप्पांनी त्यांचं मनगट धरलं. "नका घेऊ ती."

"अप्पा, गोळीबिगर पळू कसा? तुम्हीच तर म्हणलात, पळा..."

"हाव. मीच म्हणलो."

तिथंच अप्पांच्या मोकळ्या हातात माईक दिला गेला. ते म्हणाले, "मंडळी, माझे गुडघे गेले. मी सुगर घालवायला पळालो न्हाई. सुगर पहिल्याच वर्षी गेली होती. पुढचं सगळं लोकांनी बघावं म्हणून पळालो, गोळ्या खाऊन पळालो. ज्याचं दुखतंय त्यानं आज घरी जावं."

मग निवेदक ओरडला, "अप्पांचा विनोदी स्वभाव! जोरदार टाळ्या!" टाळ्या पडल्या. माईकच्या जागी अप्पांच्या हातात शर्यत सुरू करायचा झेंडा दिला; त्यांनी तो खाली केलाच नाही, तेव्हा कुणीतरी तो हातातून घेऊन हलवला. हजारभर पाय निघून गेले. मास्तरही निघाले होते, पण अप्पांनी मनगट सोडलं नव्हतं. शेवटी मास्तर शेजारच्या खुर्चीत बसले. गोळी मुठीतच होती.

परतताना लोहा गाव येईपर्यंत अप्पा गुडघे चोळत होते. मग म्हणाले, "सर, आज एक माणूस बसवला."

"हो, अप्पा."

"पळवले किती असतील?"