डग्ग्याकडे कललेली मान

रामाजी तबला वाजवायला बसला की त्याची मान हळूहळू डावीकडे, डग्ग्याकडे कलते. झाडीपट्टीच्या नाटकांत मी वर्षानुवर्षं त्याच्या शेजारी बसून पेटी वाजवतोय. लोकांना वाटतं, गडी रंगला. त्याला स्वतःला मान हलल्याचा पत्ताही नसतो. ही खोड त्याच्या मुळावर आली होती, आणि त्यातून त्याला सोडवलं निशातने. म्हणून गोष्ट तिची सांगतो.

निशात चंद्रपूरच्या गुलाम रसूल मिस्त्रींची मुलगी. बाप पंपांच्या जळालेल्या मोटारी तार गुंडाळून पुन्हा बांधून देतो. मशीनला शिव्या देण्याआधी ते खोलून पाहावं, हा त्याचा नेम मुलीने उचलला. नागपूरला शिकून ती चंद्रपूरच्याच एका दवाखान्यात एमआरआय मशीनवर लागली. एवढी हट्टी पोरगी मी पाहिली नाही, आणि मी तर जन्म नाटकवाल्यांत काढलाय.

रामाजीच्या उजव्या हाताची बोटं बधिर होऊ लागली. मेंदूत डावीकडे गाठ निघाली. ती काढायची तर बोटांना हुकूम पोचवणारे तंतू नेमके कुठून जातात ते कळायला हवं. त्यासाठी वेगळा एमआरआय असतो. मेंदूतलं पाणी तंतूंच्या वाटेने सरकतं. मशीन ते अनेक दिशांनी मोजतं आणि त्यावरून वाटा काढतं.

"भाऊ, मान हालवू नका," निशात म्हणाली.

"मी काऊन हालवीन?"

मशीनची ठकठक सुरू झाली. ठेका कानावर पडला आणि रामाजीची मान निघाली डग्ग्याकडे. दोन्ही बाजूंनी उशा लावल्या, पुन्हा घेतलं, तरी तेच. चित्रात बोटांची वाट थेट गाठीतून जाताना दिसली. डॉक्टर म्हणाले, गाठ काढली तर बोटं जातील, ठेवली तर माणूस जाईल.

"बोटं गेली त मी जगून काय करू?" रामाजी म्हणाला.

निशात मात्र पडद्यासमोरून उठेना. मेंदूच्या दोन अर्ध्यांना जोडणारा पूल सगळ्यांचा सरळ आडवा असतो, रामाजीचा तिरपा दिसत होता. तिथे तर गाठही नव्हती.

"भाऊ, मान हालली म्हणून मशीननं सारे फोटो सरळ करून एकावर एक बसवले," तिने मला समजावलं. "पण मोजायच्या दिशा होत्या तशाच राह्यल्या. गावचा नकाशा फिरवला त उत्तरेचा बाण बी फिरवा लागते न?"

एवढं मलाही कळलं. मग तिने एकेक फोटो घेतला, तो सरळ करताना जितका वळवला होता, तितकीच त्याची दिशा वळवली, आणि सगळ्या वाटा नव्याने काढल्या. डॉक्टर खुर्ची ओढून शेजारी बसले. पूल सरळ झाला होता. आणि बोटांची वाट गाठीला वळसा घालून, अगदी खेटून, पण बाहेरून जात होती.

डॉक्टरांनी दोनदा तपासलं आणि म्हणाले, "काढू."

ऑपरेशननंतर रामाजी शुद्धीवर आला तेव्हा त्याची उजवी तर्जनी चादरीवर हलली. मग मधलं बोट. मग त्याने अख्खा ठेका धरला. मी पुरुषासारखा पुरुष, सगळ्या वॉर्डासमोर हमसून रडलो आणि मला त्याची लाज वाटली नाही.

दिवाळीनंतर कुरखेड्याच्या बाजूला मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, आमचं नाटक लागलं. निशात आईबापांना घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. मी पेटीवर सूर धरला. रामाजीने तबल्यावर हात ठेवला, पण वाजवेना. माईक ओढून म्हणाला, "निशातबाई, आता मान हालवू का?"

सगळा मांडव तिच्याकडे वळला.

"हालवा भाऊ, किती हालवाची तेवढी," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "सरळ कराले मी हावो."

रामाजीची थाप पडली आणि मान निघाली डग्ग्याकडे.