नाकाडोंगरीची एक्सक्लुझिव्ह लीड

सेवकभाऊंच्या अंगणात स्कूटी लावली तेव्हा तिथे आधीच तीन बॅगा दिसल्या. काळ्या, चेनच्या, ब्रोशरांनी फुगलेल्या. असली बॅग विमा एजंटशिवाय कोणी वापरत नाही. बॅगांचे मालक बाजेवर ओळीने बसून पोहे खात होते. चौथी मी.

माझं डोकंच फिरलं. सेवकभाऊंचं नाव मी विकत घेतलं होतं आणि ते फक्त मलाच विकलंय, असं विकणाऱ्याने मोबाइलवर लिहून पाठवलं होतं.

नाव विकत घेणं म्हणजे काय, ते आधी सांगते. आमच्या धंद्यात याला लीड म्हणतात. कोणीतरी मोबाइलवर विम्याची जाहिरात बघतो, बोट लावतो, नाव-नंबर भरतो. एक कंपनी अशी नावं गोळा करून आम्हा एजंटांना विकते. मी काम सुरू केलं तेव्हा लीड भाजीपाल्याच्या भावात मिळायची. मग सगळेच घ्यायला लागले आणि भाव चढत गेला. त्यातली स्वस्त लीड चार-पाच जणांना एकदम विकलेली असते, त्यामुळे फोन केला की समोरचा आधीच वैतागलेला. एकट्यालाच मिळते ती एक्सक्लुझिव्ह. तिचा दर ऐकून आमचे मिस्टर म्हणाले होते, "एवढ्यात तं पितळेची घागर येते." भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचं गाव, तिथला माणूस हिशेब पितळेतच करणार.

तरी मी घेतल्या. वर्षभरात ठरावीक नव्या पॉलिसी आणल्या नाहीत तर एजन्सी रद्द होते. माझं वर्ष दिवाळीनंतर लवकरच संपत होतं आणि निम्म्या पॉलिसी अजून बाकी होत्या. आमचे डेव्हलपमेंट ऑफिसर बोरकर साहेब रोज फोन करून आठवण करून द्यायचे. एजन्सी गेली असती तर मला परत साडीच्या दुकानात घड्या घालायला जावं लागलं असतं. ते मला मेले तरी नको होतं.

घेतलेल्या लीडपैकी बहुतेकांनी फोनच उचलला नाही. नाकाडोंगरीचे सेवकभाऊ तेवढे गोड बोलले. पॉलिसीचं विचारलं तर म्हणाले, "या ना ताई, मंडईले या." मी तारीख विचारली. त्यांनी सांगितली. मी उड्या मारत साहेबांना कळवलं, अपॉइंटमेंट पक्की.

आता गंमत बघा. दिवाळीनंतर आमच्या भंडाऱ्याकडच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, प्रत्येक गावाची आपापल्या दिवशी. पाळणे, जिलेबी, शिंगाडे, रात्री नाटक. लेकी माहेरी येतात, घर पाहुण्यांनी भरून जातं. त्या दिवसांत कोणाशीही बोलणं आटोपताना माणूस म्हणतो, "मंडईले या." उधारी मागणाऱ्यालाही म्हणतो. मी भंडाऱ्यातच लहानाची मोठी झाले, हे वाक्य मी स्वतः शंभर जणांना म्हटलं असेल. पण लीड महाग पडली की रीतीच्या आमंत्रणातही अपॉइंटमेंट दिसायला लागते. बाजेवरच्या तिघांचंही तेच झालं होतं.

"तुमचीबी एक्सक्लुझिव्हच का मॅडम?" त्यातल्या तुमसरच्या पटलेंनी विचारलं. मी मान हलवली. मग चौघंही उगाच हसलो.

सेवकभाऊ मात्र खुशीत होते. मंडईला जितके पाहुणे जास्त तितका घराचा मान मोठा, आणि त्यांच्याकडे तर बॅगवाले चार वाढले होते. पटलेंनी ब्रोशर काढलं तसे ते म्हणाले, "भाऊ, मी मोबाइलवर कायतरी दाबून बसलो, तवापासून फोनावर फोन येऊन राहिले. मले पॉलिसी-गिलिसी नाई पायजे. पन आले तं जेवल्याबिगर कोनी जाऊ नोका."

झालं. विषय संपला. तिघे तोंड पाडून जेवणाची वाट बघत बसले. मला तसं बसवेना. राग आला की माझे हात चालायला लागतात. सरळ स्वयंपाकघरात गेले, पदर खोचला आणि पुऱ्या लाटायला घेतल्या.

तिथे सेवकभाऊंची बहीण सुनंदा पुऱ्या तळत होती. तिला वरठीला दिलेलं. नवरा तिथल्या स्टील प्लांटमध्ये, मोटारसायकलने शिफ्टला जाणारा. मी विम्याचं काम करते कळल्यावर ती हळूच म्हणाली, "ताई, आमची पॉलिसी बंद पडली. भरलेले पैसे बुडाले न?"

"कोण म्हणालं?"

"एक जन आला होता. म्हने, ते मेली, आता नवी काढा."

खरं सांगते, मला मोह झाला. नवी पॉलिसी काढली असती तर माझ्या कोट्यात एक पडली असती. पण बंद पडलेली पॉलिसी लगेच मरत नाही. ठरलेल्या मुदतीत थकलेले हप्ते व्याजासह भरले, तब्येतीची माहिती लिहून दिली, की बहुतेकदा ती पुन्हा चालू होते. याला रिव्हायवल म्हणतात. एजंटच्या कोट्यात ते धरत नाहीत. तरी मी तिला तेच सांगितलं. "नवी नको काढू बाई, जुनीच उठव. काय लागतं ते मी करून देते."

सुनंदाचा झारा हातातच राहिला आणि कढईतली पुरी करपली. मग तिने मागच्या दाराशी बसलेल्या, गावोगावाहून आलेल्या सगळ्या पाहुण्या बायकांना हाक मारली. "इकडं या वं, या ताईले विचारा."

मग काय विचारता! एकीच्या नवऱ्याच्या पॉलिसीवर नॉमिनी म्हणून वारलेल्या सासऱ्यांचंच नाव होतं. एकीला हप्ता कुठे भरायचा तेच ठाऊक नव्हतं. मी लाटत होते, बोलत होते, हात कणकेचे, आणि मला इतकं बरं वाटत होतं की कोट्याचं भानच राहिलं नाही. पटले दारातून डोकावून म्हणाले, मॅडम, समाजसेवा चालू आहे का? मी म्हटलं, पुऱ्या तुमच्याच पानात पडणार आहेत, गुमान बसा.

निघताना सगळ्या जणी म्हणाल्या, आमच्याही मंडईले या. आता मी शहाणी झाले होते, नुसती हसले. तर सुनंदाने स्कूटीचं हँडल धरलं.

"म्हनाचं म्हनून नाई म्हनत मी, ताई. खरंच या. माह्या जावा हायत, त्यायलेबी समजावून सांगा."

तुमसरजवळ येऊन मी साहेबांना फोन लावला. "साहेब, नाकाडोंगरीत शून्य."

"मग एवढ्या खुशीत कायले बोलून राहिल्या?"

"साहेब, दर गावाची मंडई वेगळ्या दिवशी असते!"

साहेबांनी पलीकडे कॅलेंडरची पानं उलटली. मग म्हणाले, "पेट्रोल भरून ठेवा."

त्या हंगामात मी मंडई एके मंडई केली. वरठीला आधी सुनंदाची पॉलिसी उठवली. ते बघून तिच्या धाकट्या जावेने नवऱ्यासाठी नवी काढली, तिच्या माहेरची मंडई पुढच्या आठवड्यात होती, तिथे ती मला स्वतः घेऊन गेली. एका चुलीवरून दुसऱ्या चुलीकडे. पुऱ्या लाटून मनगट दुखायला लागलं, वजन वाढलं, पण लीड एकही विकत घेतली नाही.

वर्ष संपायच्या आदल्या दिवशीही एक पॉलिसी कमीच होती. जीव टांगणीला लागला होता. दुपारी घरासमोर ऑटो थांबला. सेवकभाऊ, हातात शिंगाड्यांची पिशवी.

"बहिनीची उठवली न ताई, आता मायी काढा," ते म्हणाले. "पन एक्सक्लुझिव्ह पायजे."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. फॉर्म भरता भरता अक्षर वाकडं आलं. एजन्सी वाचली.

धडा म्हणाल तर एवढाच, की विकतचं नाव आपला फोन उचलत नाही आणि लाटण्याने मिळालेलं नाव दुपारच्या झोपेतही फोन करतं. दुसराही त्रासच आहे, पण स्वस्त पडतो.

परवा लीडवाल्या कंपनीच्या पोराचा फोन आला. अगले महीने से रेट बढ़ रहे हैं मॅम, अभी पॅक ले लीजिए. मी गोड आवाजात म्हटलं, "मंडई में आ जाओ भैया."

"जी मॅम, कौन सी तारीख डालूँ?"

मी तारीख सांगितली. आला तर जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही.